प्रक्षालकाची विषारिता : एकपेशीय जीवांवरील एक परीक्षण

तळ्याच्या किंवा ओहोळाच्या काठी कपडे धुतल्यावर फेस काही वेळाने विरतो व पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागते. परंतु फेस नाहीसा झाला म्हणजे प्रक्षालक, अर्थात धुण्याची पावडर, नाहीशी झाली असे नव्हे. पाण्यातील जीवांवर तिचा काय परिणाम होतो, हे शालेय प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाने तपासता येते.

यासाठी पॅरामिशियम हा एकपेशीय जीव सोयीचा आहे. तो साचलेल्या गोड्या पाण्यात आढळतो व त्याची लांबी सुमारे पाव मिलिमीटर असते. पेशीभोवतीचे नाजूक पटल हेच त्याचे संरक्षण होय. प्रक्षालकाचे रेणू ज्या गुणामुळे कपड्यावरील तेलकट मळ सोडवितात, त्याच गुणामुळे ते या स्निग्ध पटलाचीही बांधणी सैल करतात.

वाळलेले गवत पाण्यात उकळून थंड करावे, त्यात थोडे तळ्याचे पाणी मिसळावे व भांडे झाकून सावलीत आठवडाभर ठेवावे. पॅरामिशियमची वाढ झाल्याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घ्यावी. नंतर तळ्याचे पाणी गाळून, उकळून थंड करावे व त्याच्या १ लिटरमध्ये १ ग्रॅम पावडर विरघळवावी. या द्रावणाच्या एका भागात तेच पाणी नऊ भाग घालून दहापट सौम्य द्रावण तयार करावे व हीच कृती आणखी दोनदा करावी. प्रत्येक द्रावणाचे ५ मिलिलिटर घेऊन त्यात जीव असलेले तितकेच पाणी मिसळावे. अशा रीतीने लिटरमागे ५००, ५०, ५ व ०.५ मिलिग्रॅम पावडर असलेल्या चार नळ्या सिद्ध होतात. पाचव्या नळीत पावडरीविना केवळ उकळून थंड केलेले पाणी वापरावे.

पाच मिनिटे, अर्धा तास व चोवीस तास या अंतराने प्रत्येक नळीतील सारख्याच थेंबांमधील पोहणारे जीव मोजावेत. तीव्र द्रावणात जीवांची गती मंदावते, पेशी फुगते व अखेर फुटते. फुटलेल्या पेशी मोजता येत नाहीत. म्हणून जिवंत जीवांची संख्या पाचव्या नळीतील संख्येशी ताडून पाहावी. पाचव्या नळीतही जीव मोठ्या प्रमाणात मेले असतील, तर दोष पावडरीचा ठरत नाही. परीक्षण नव्याने करावे.

पॅरामिशियमला घातक ठरणारे प्रमाण माणसालाही तितकेच घातक असते, असा अर्थ यातून काढू नये. मात्र हे जीव पाण्यातील जिवाणू खातात आणि स्वतः इतर लहान जलचरांचे अन्न होतात. त्यांचा नाश झाल्यास ही साखळी दुबळी होते.

१९५० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर प्रक्षालकांच्या फेसाचे थर साचू लागले. त्यामुळे १९६५ च्या सुमारास तेथे जिवाणूंकडून सहज विघटन पावणारी प्रक्षालके प्रचारात आली. तथापि विघटन होईपर्यंत तीही विषारीच असतात. म्हणून पावडर मोजून वापरावी, धुणे पाणवठ्यापासून दूर करावे आणि प्रयोगातील उरलेले द्रावणही तळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.