सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी तपासून घ्या

ताप-जुलाबातून आई उठते न उठते तोच एका रात्रीत तिचा उजवा गुडघा नारळाएवढा फुगला. पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. पोलादपूरच्या आमच्या वाडीवरून तिला खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून रस्त्याला आणलं. एका दवाखान्यात ‘वयाचा वात’ म्हणून गोळ्या मिळाल्या. दुसरीकडे युरिक ॲसिड नॉर्मल निघालं आणि तिथेच तपास थांबला. येणारा-जाणारा मात्र ठासून सांगे, “काकी, दूध सोडा, कॅल्शियम साचलंय!”

शेवटी महाडला हाडांच्या डॉक्टरांनी सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं. गढूळ, पिवळट. ते तपासायला पाठवलं, तेव्हा उलगडा झाला: कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक. एक्स-रेतही दोन हाडांमधल्या कूर्चेत बारीक पांढरी रेघ होती.

या दुखण्याला स्यूडोगाऊट म्हणतात. गाऊटचे स्फटिक युरिक ॲसिडचे, सुईसारखे टोकदार. हे आखूड, चौकटीसारखे. सूज दोन्हींत सारखीच, म्हणून फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. अमेरिकेत मॅकार्टी आणि सहकाऱ्यांनी 1962 साली तो असाच दाखवून दिला. वयाबरोबर कूर्चेत पायरोफॉस्फेट वाढतं, कॅल्शियमशी जुळून त्याचे स्फटिक बनतात. ते वर्षानुवर्षं गप्प राहू शकतात. आजारपण, ऑपरेशन किंवा मार लागल्यावर सांध्यात सुटले की पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि सांधा पेटतो. असं वारंवार झालं की कूर्चाही झिजते.

दुधाचा यात काही दोष नाही. म्हाताऱ्या माणसाचं दूध तोडलं तर हाडं मात्र ठिसूळ होतील.

हे स्फटिक विरघळवणारं औषध अजून नाही. पण पाणी काढणं, विश्रांती, बर्फाचा शेक आणि डॉक्टरांनी ठरवलेलं औषध यांनी सूज उतरते. आईची उतरली. वेदनाशामक गोळ्या मनाने खाऊ नका. मूत्रपिंडं आधीच अधू असतील तर त्या फार महाग पडतात. साठीच्या आत हा त्रास झाला तर मॅग्नेशियम, लोह आणि पॅराथायरॉइड तपासायला सांगा.

आणि सुजलेल्या सांध्यासोबत ताप असेल तर लेप, मालिश, शेक यांत एक दिवसही घालवू नका. तो जंतुसंसर्गही असू शकतो आणि तो थोड्या दिवसांत सांधा कायमचा निकामी करतो. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि स्वतःहून विचारा: “गुडघ्यातलं पाणी तपासायचं का?”