बिनतारी जाळ्याची नोंदवही

दिनांक 26 जुलै 2008 रोजी अहमदाबाद शहरात बॉम्बस्फोटांची मालिका घडली व 56 नागरिक मृत्युमुखी पडले. पुढील काही दिवसांत सुरत शहरातही ठिकठिकाणी बॉम्ब सापडले. ते फुटले नाहीत, म्हणून सुरत बचावली. अहमदाबादच्या स्फोटांपूर्वी काही मिनिटे वृत्तसंस्थांकडे धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत गेला. परंतु तेथील रहिवाशाचा कटाशी संबंध नव्हता. त्याचे वाय-फाय असुरक्षित होते व दुसऱ्याच कोणी त्याचा उपयोग केला होता. त्यानंतरचे असेच ई-मेल मुंबईतील एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधील एका खाजगी कंपनीच्या वाय-फायवरून गेले. फेब्रुवारी 2009 मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित करण्याविषयी इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या.

एका घरात एक यंत्र असते. कचेरीत किंवा शाळेत मात्र अनेक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेतून आलेली जोडणी लहरींच्या रूपाने पसरविणारी यंत्रे, बसवावी लागतात. सुरत महानगरपालिका मराठीसह सात माध्यमांच्या शाळा चालविते. अशा एखाद्या शाळेत हे जाळे उभारावयाचे झाल्यास प्रथम प्रत्येक ॲक्सेस पॉइंटचा क्रमांक, त्याची जागा व त्याची वाहिनी नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात 1, 6 व 11 या तीनच वाहिन्या सर्वसाधारणपणे परस्परांना अडथळा न आणता चालतात. म्हणून शेजारच्या दोन यंत्रांना एकच वाहिनी देऊ नये. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्या अधिक असतात, पण त्या लहरी भिंतीपलीकडे कमी पोहोचतात. लोखंड व पत्रा तर लहरी परतवून लावतात. यंत्रमागांच्या कारखान्यात, मग तो सुरतेत असो वा मालेगावात, ही अडचण हमखास येते. तेव्हा यंत्राची शक्ती वाढविण्याऐवजी त्याची जागा बदलून पाहावी.

यापेक्षा अवघड प्रश्न जोडलेल्या उपकरणांचा आहे. सर्वांना एकच पासवर्ड दिला की तो महिन्याभरात गावभर होतो, हा अनुभव नवा नाही. पूर्वी उपकरणाचा मॅक क्रमांक नोंदवून काम भागत असे. आता अँड्रॉइड 10 पासूनचे बहुतेक फोन निरनिराळ्या जाळ्यांवर निरनिराळा बनावट क्रमांक दाखवितात, त्यामुळे केवळ त्या यादीवर विसंबता येत नाही. प्रत्येक शिक्षकास व कर्मचाऱ्यास स्वतंत्र नाव व पासवर्ड देणारी, ‘एंटरप्राइज’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत म्हणूनच स्वीकारावी. कर्मचाऱ्याची बदली झाली की त्याच दिवशी त्याचे खाते बंद करता येते व इतरांचा पासवर्ड बदलावा लागत नाही. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे असावे. तेथून कचेरीचे संगणक दिसू नयेत.

सोयीसाठी कोणी घरचा राउटर आणून कचेरीच्या तारेला जोडतो. हेतू वाईट नसतो, पण मागचे दार उघडे पडते. नियंत्रकाच्या पडद्यावर दिसणारी यंत्रे नोंदवहीशी दरमहा ताडून पाहिल्यास असा राउटर सापडतो.

कोणते उपकरण केव्हा जोडले गेले याची नोंद जपून ठेवावी आणि सर्व यंत्रांची घड्याळे जुळती ठेवावीत. जाळ्यातील पत्ता आज एका उपकरणाकडे, तर तासाभराने दुसऱ्याकडे असू शकतो. घड्याळ चुकलेले असेल, तर ती नोंद भलत्याच माणसाचे नाव दाखविते.