उत्तम उत्तर आणि उघडी रीत

विद्यार्थिमित्रहो, उत्तर बरोबर असूनही रीत न दाखविल्यामुळें गुण कमी पडले, अशी तक्रार तुमच्यापैकीं पुष्कळांची असते. रीतीस एवढें महत्त्व कां, तें एका उदाहरणानें पाहूं.

एका सुताराजवळ ४० तास व ३६ फळ्या आहेत. एका मेजास ४ तास व ३ फळ्या लागून नफा ५० रुपये होतो. एका बाकास २ तास व ३ फळ्या लागून नफा ४० रुपये. केवळ मेजेंच केलीं तर १० होऊन ५०० रुपये मिळतात. केवळ बाकेंच केलीं तर १२ होऊन ४८०. परंतु ८ मेजें व ४ बाकें केल्यास ५६० रुपये पदरांत पडतात.

याहून अधिक नफा होणारच नाहीं, हें कशावरून? एका तासाची किंमत ५ रुपये व एका फळीची १० रुपये धरा. मग मेजास ५० व बाकास ४० रुपयांचें साधन लागतें, म्हणजे नफ्याइतकेंच. जवळचें सारें साधन मिळून ५६० रुपयांचें आहे. तेव्हां नफा त्यापलीकडे जाणें अशक्य. ही झाली सिद्धता.

अज्ञात राशि वाढल्या म्हणजे मात्र हें काम जड होतें. जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९४५ सालीं ७७ खाद्यपदार्थांतून स्वस्तांत स्वस्त पोषक आहार कोणता, हा प्रश्न मांडिला. १९४७ सालीं जॉर्ज डॅन्ट्झिग यांनीं शोधिलेल्या 'सिम्प्लेक्स' रीतीनें तो सोडवितांना हातयंत्रांवर नऊ कारकुनांचे सुमारें १२० मनुष्यदिवस खर्ची पडले. आज संगणक तेंच काम क्षणार्धांत करितो.

संगणकास ही रीत शिकविणाऱ्या कित्येक आज्ञावली भारी किंमतीस विकल्या जातात व त्यांतील रीत गुप्त ठेविली जाते. परंतु ग्नू प्रकल्पाची 'जीएलपीके' आणि एडिंबरो विद्यापीठांत तयार झालेली 'हाय्ज' या मुक्त आज्ञावली आहेत. त्या विनामूल्य मिळतात. त्यांतील ओळ न् ओळ कोणासही वाचतां येते, सुधारतां येते व दुसऱ्यास देतां येते. गरीब विद्यार्थ्यास आणि मोठ्या कारखान्यास एकच साधन लाभतें.

आगगाड्यांचें वेळापत्रक, दुष्काळांत कोणत्या गांवीं किती धान्य धाडावें, असले प्रश्नही याच जातीचे आहेत. ज्याच्या वांट्यास कमी धान्य आलें, त्यास हिशेबाची रीत पाहण्याचा हक्क नको काय? मात्र स्मरण असावें कीं, अधिक काय व्हावें व कमी काय व्हावें हें यंत्र ठरवीत नाहीं; तें मनुष्यानेंच ठरवावयाचें असतें.

आतां घरीं वडीलधाऱ्यांसह एक प्रश्न सोडवा: सुतारास ४० च्या ऐवजीं ४२ तास मिळाले, तर मेजें किती, बाकें किती, आणि नफा किती वाढेल? उत्तराबरोबर रीतही लिहावी.