लवंगेची कळी

श्रावणातील पौर्णिमा उजाडली, की कोकणच्या किनाऱ्यावर कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि घरोघरी नारळीभात शिजू लागतो. पातेल्यात तूप तापते, त्यात चार लवंगा पडतात आणि त्या फुगताच सारे घर सुवासाने भरून जाते. मग तांदूळ, ओले खोबरे, गूळ व वेलदोडा यांच्या संगतीत लवंग गोडाशी एकरूप होते. काही दिवसांनी त्याच घरी पाहुणे येतात व मसालेभाताचा बेत ठरतो. या वेळी धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, दगडफूल व दालचिनी यांच्याबरोबर भाजून कुटलेली तीच लवंग गोड्या मसाल्यातून तोंडलीच्या फोडींवर पडते. परवा जी पक्वान्नात शोभली, तीच आज तिखटातही शोभते. मसाल्याच्या डब्यातील हा खिळ्याएवढा जिन्नस. पण त्याची कथा फार मोठी आहे.

लवंग ही बी नव्हे, फळ नव्हे आणि मूळही नव्हे. ती एका सदाहरित वृक्षाची न उमललेली कळी होय. कळ्यांवर लाली चढू लागली, की त्यांचे झुबके हातांनी खुडतात, देठ वेगळे करतात आणि कळ्या उन्हात वाळवितात. वाळल्यावर त्यांचे वजन सुमारे एकतृतीयांश उरते व रंग काळसर तपकिरी होतो. खुडण्यास उशीर होऊन कळी उमलली, तर तिचे मसाल्यातील मोल उतरते. म्हणून या कामी घाई चालत नाही आणि आळसही चालत नाही.

लवंगेचे माहेर म्हणजे आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटे. टर्नाटे, टिडोर यांसारख्या मूठभर बेटांवर ती मुळात उगवत असे. तेथून गलबतांतून ती भारतात, चीनमध्ये, अरबस्तानात व पुढे युरोपात जाई. चीनच्या सम्राटापुढे बोलताना मुखाला सुगंध यावा, म्हणून दरबारी लोक तोंडात लवंग धरीत, असे सांगतात.

परंतु या सुगंधाच्या मागोमाग लोभही बेटांवर उतरला. इ. स. १५१२ मध्ये पोर्तुगीज तेथे पोचले. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी तेथे आपला अंमल बसविला. लवंग फक्त आपल्याच हाती असावी व तिचा भाव चढा राहावा, असा त्यांचा हेतू होता. इ. स. १६५२ मध्ये टर्नाटेच्या सुलतानाशी करार करून त्यांनी त्याच्या राज्यातील लवंगेची झाडे तोडण्याचा सपाटा लावला. लागवड अंबॉन व त्याच्या लगतच्या बेटांपुरती ठेवली. ज्यांच्या वाडवडिलांनी ही झाडे जोपासली, त्यांच्याच डोळ्यांदेखत ती भुईसपाट झाली. लोकांनी बंड केले, तेही मोडून काढण्यात आले.

तथापि सुगंध काही कुलपात राहत नाही. इ. स. १७७० मध्ये पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याच्या खटपटीमुळे लवंगेची रोपे गुपचूप मॉरिशसला पोचली. योगायोग असा, की ‘प्वाव्र’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी ‘मिरे’ असा आहे! पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेजवळील झांझिबार बेटावर लवंगेच्या बागा उभ्या राहिल्या. मक्तेदारी मोडली खरी, पण दुःख संपले नाही. त्या बागांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत होते. तेथील गुलामगिरी कायद्याने बंद होण्यास इ. स. १८९७ साल उजाडावे लागले. भारतातही इ. स. १८०० च्या सुमारास लवंगेची लागवड सुरू झाली. आज तमिळनाडूत कन्याकुमारीच्या परिसरात व केरळात ती पिकते.

अशा रीतीने देशोदेशी गेलेली लवंग प्रत्येक घरच्या चालीरीतींशी मिळून गेली. चिनी गृहिणी बाद्यान, बडीशेप, दालचिनीची जात आणि कोकणातील तिरफळाच्या जातीचे एक फळ यांच्याबरोबर लवंग कुटून पंचमसाला करते. फ्रान्समध्ये मिरे, जायफळ, सुंठ व लवंग अशा चौघांचा मसाला असतो; तो मांसाच्या पदार्थांत पडतो, तसाच मधाच्या गोड पावातही. मोरोक्कोमध्ये अनेक जिनसांच्या मसाल्याला ‘दुकानातील शिरोमणी’ अशा अर्थाचे नाव आहे. बकरी ईदनंतर तेथे मांस, मध, मनुका व बदाम एकत्र शिजवितात, तेव्हा हाच मसाला घालतात. गोड आणि खारे यांची तेथे एकाच भांड्यात गाठ पडते.

मसाले निरनिराळे, पण ते सिद्ध करण्याची रीत पुष्कळशी सारखीच आहे. लवंगेचा सुगंध तिच्यातील तेलात असतो. ते तेल तुपात सहज उतरते, पाण्यात मात्र फारसे उतरत नाही. म्हणून नारळीभातासाठी ती आधी तुपात परततात. मसाल्याचे जिन्नस एकाच वेळी भाजत नाहीत. कारण तीळ क्षणात तडतडतात, तर धन्यांना वेळ लागतो. अख्खी लवंग पुष्कळ दिवस वास राखते, कुटलेल्या लवंगेचा वास लवकर उडतो. प्रमाणाचेही भान हवे. चार लवंगांनी जो भात सुगंधी होतो, तो मूठभर लवंगांनी कडू होईल. अति तेथे माती, ही म्हण चुलीपाशीही खरी ठरते.

मोलुक्काची कळी, कोकणचा नारळ आणि शेतातला तांदूळ नारळीभाताच्या एका पातेल्यात एकत्र येतात. ज्यांनी लवंगेला कुलूप घालू पाहिले, त्यांची सत्ता लयाला गेली. ज्यांनी झाडे लावली, कळ्या खुडल्या व वाळविल्या, त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. पण त्यांच्या हातांचे काम मात्र घरोघरी पोचले. जेवताना पानातली लवंग आपण सहसा बाजूला काढून ठेवतो. तेवढ्या क्षणी त्या अनाम हातांचे स्मरण झाले, तरी त्या घासाची गोडी वाढल्यावाचून राहणार नाही.