नाणेघाटाचा वारा

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसले आहेत. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांवरून येणारा माल ह्याच वाटेने देशावर चढत असे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण आणि लेण्यातील ब्राह्मी लेख त्या काळाची साक्ष देतात. परंतु पावसाळ्यात येथे येणारा प्रवासी थबकतो, तो दुसऱ्याच एका दृश्याने. कड्यावरून खाली झेपावणारे पाणी मध्येच अडते, मागे वळते आणि तुषार होऊन पुन्हा माथ्यावर उडते!

हा चमत्कार नव्हे. हा वाऱ्याचा प्रताप होय. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या उभ्या कड्यावर आदळतो. पुढे वाट नसल्यामुळे तो वर उसळतो, आणि अरुंद खिंडीत सापडला की त्याचा वेग आणखी वाढतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याची शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. कारण तेवढ्याच वेळात दुप्पट हवा येते, आणि त्या हवेच्या प्रत्येक कणाची ऊर्जा चौपट झालेली असते.

अशा बलाढ्य वाऱ्याशी मनुष्याने दोन रीतींनी वागावे: त्याला वाट द्यावी, नाहीतर त्याला कामास लावावे.

पहिली रीत जुन्नर तालुक्यातील खोडद येथे पाहावयास मिळते. तेथील प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. एवढी तबकडी सलग पत्र्याची केली असती, तर वाऱ्याने तिला शिडासारखे ढकलले असते. म्हणून डॉ. गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बारीक तारांच्या जाळीची केली. वारा जाळीतून निघून जातो. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी मात्र जाळीवरून परावर्तित होतात.

दुसरी रीत पवनचक्कीची. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. परंतु प्रत्येक डोंगरमाथा त्यांस योग्य नसतो. आंबेगावच्या पश्चिमेस भीमाशंकरचे अरण्य आहे, आणि तेथे शेकरू झाडांच्या शेंड्यांवर घरटी बांधते. अशा वनात अवजड पाती नेण्यासाठी रस्ते काढावयाचे, तर वृक्ष तोडावे लागतील. वीजही हवी आणि वनही हवे! मग नाणेघाटात येणारा वारा जेथून निघतो, त्या समुद्रावरच त्याला का गाठू नये?

उथळ समुद्रात तळाशी पाया घालून पवनचक्की उभारता येते. डेन्मार्कने १९९१ साली विंडबी येथे अशा ११ पवनचक्क्या उभारल्या. खोल पाण्यात मात्र असा पाया फार खर्चाचा होतो. तेथे पवनचक्की तरंगती ठेवून साखळदंडांनी तळाशी नांगरावी लागते. २०१७ साली स्कॉटलंडजवळ अशा ५ पवनचक्क्या वीज देऊ लागल्या.

ह्या पवनचक्क्या रहाटासारख्या, म्हणजे आडव्या आसाभोवती फिरतात. त्यांचे अवजड यंत्र उंच खांबाच्या टोकावर असते, आणि वाऱ्याची दिशा बदलली की त्यांनाही तोंड वळवावे लागते. लाटांवर डुलणाऱ्या वस्तूचा माथा जड असणे धोक्याचे. म्हणून काही संशोधकांनी ताक घुसळणाऱ्या रवीप्रमाणे उभ्या आसाभोवती फिरणाऱ्या पवनचक्कीचा विचार केला. तिला वारा कोणत्याही दिशेने आला तरी चालतो. तिचे वीजयंत्र पाण्याजवळ, खाली बसविता येते. बूड जड असलेली बाहुली कलंडली तरी पुन्हा उभी राहते, तसाच हा प्रकार.

ही कल्पना अगदी नवी नाही. इराणातील नाश्तीफान गावी उभ्या आसाच्या जुन्या पवनचक्क्या आहेत. १९२० नंतरच्या दशकात फ्रान्सचे अभियंते जॉर्ज दारियस यांनी तिला वक्र पात्यांचे नवे रूप दिले. पण मार्ग सोपा नव्हता. प्रत्येक फेऱ्यात पात्यावरील दाब सतत बदलतो, आणि त्यामुळे धातू थकतो. कॅनडातील काप-शा येथे सुमारे ११० मीटर उंचीची अशी पवनचक्की उभारली होती. तळाचे बेअरिंग बिघडल्यामुळे ती १९९३ साली बंद पडली. तरीही प्रयत्न थांबले नाहीत. २०१५ साली स्वीडनच्या किनाऱ्याजवळ ३० किलोवॉटची एक लहानशी तरंगती पवनचक्की उभ्या आसावर फिरू लागली. त्याच वर्षी भारत सरकारनेही समुद्रावरील पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले.

नाणेघाटातील वारा पाण्याला मागे फिरवितो, ते मौज म्हणून पाहणारे पुष्कळ असतात. त्या वाऱ्याकडून कोणते काम करून घेता येईल आणि ते करताना वन कसे राखता येईल, हा विचार करणारे थोडेच असतात. विज्ञानाची वाट ह्या थोड्यांच्याच पावलांनी रुळते.

प्रश्न
१. नाणेघाटात पाणी वर का उडते?
२. खोडद येथील तबकड्या जाळीच्या का केल्या?
३. तरंगत्या पवनचक्कीस उभा आस का सोयीचा? त्यात अडचण कोणती?
४. ‘वीजही हवी आणि वनही हवे’ ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.