गुणवंत गार्ड आणि संघाची बांधणी

प्रश्न : आमच्या क्लबच्या बास्केटबॉल संघात भरपूर गुण करणारा, परंतु उपेक्षित असा एक गार्ड आहे. संघ त्याच्याभोवती उभारावा काय? – एक वाचक, चेन्नई

उत्तर : अवश्य उभारावा, तथापि प्रत्येक चढाईच्या चोवीस सेकंदांपैकी बहुतांश काळ ज्याच्या हाती चेंडू राहणार, त्याच्याभोवती तशाच गुणलोभी खेळाडूंची खोगीरभरती न करता, बचावाचा भार निष्ठेने वाहणाऱ्या उंच सहकाऱ्यांची तजवीज आधी करावी. अमेरिकेतील एनबीए स्पर्धेत २००१ साली फिलाडेल्फिया संघाने आपला गार्ड ॲलन आयव्हरसन याच्यासाठी हेच केले, उंच बचावपटू डिकेम्बे मुटोम्बोला बास्केटखाली उभे केले आणि अंतिम मालिका गाठली. उपेक्षेचे म्हणाल, तर तेथीलच गार्ड जेलन ब्रन्सन २०१८ च्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) तेहतिसाव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याची योग्यता न्यूयॉर्क संघाने २०२२ मध्ये ओळखली. मात्र आपल्या गार्डने किती प्रयत्नांत गुण मिळवले, याचा हिशेब दप्तरी ठेवा, आणि तो विश्रांतीस बसताच संघाची आघाडी कितपत घटते, तेही नोंदवा.