दुधाची ॲलर्जी आणि रिपोर्टातला आकडा

मुलाला दुधाची ॲलर्जी आहे की नाही, हे नुसत्या रक्ताच्या रिपोर्टावरून ठरत नाही. दूध पोटात गेल्यावर मुलाला काय झालं आणि किती वेळात झालं, हे आधी विचारायचं असतं, तपासणी त्यानंतर. हा क्रम उलटला की मुलाचे किती हाल होतात ते आमच्या घरानं पाहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही कोल्हापूरचे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिणारं हे गाव. इथे कुणाला दूध बाधतं म्हटलं तर लोकांना पटत नाही. धाकटा सात महिन्यांचा झाला तेव्हा अंगावरच्या दुधाला जोड म्हणून नाचणीची खीर सुरू केली. म्हशीचं दूध बाळाला जड जाईल म्हणून सासूबाईंनी मुद्दाम गाईचं मागवलं. खीर संपते न संपते तोच त्याच्या ओठाभोवती लाल चट्टे उठले, पाठीपोटावर गांधी आल्या, एक डोळा सुजला आणि भडाभडा उलटी झाली. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर उतार पडला. दूध बंद करा, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

मग एका ओळखीच्यांनी एका लॅबचं ‘फूड ॲलर्जी पॅकेज’ सुचवलं. एकदा रक्त द्यायचं आणि शंभराच्या वर पदार्थांचा निकाल एकदम हातात. रिपोर्ट रंगीत होता. दूध लाल रंगात होतंच, पण भात, गहू, मूगडाळ, केळं, बटाटा हेही लाल रंगात होते. लॅबमधून सांगण्यात आलं, ‘लाल आहे ते सगळं बंद.’ खीर खाल्ल्यावर काय झालं होतं, हे तिथे कुणी विचारलंच नाही. बाळ त्याआधी मूगडाळीची खिचडी मजेत खात होतं, तीही थांबली. पुढचे काही महिने त्याचं वजन जागचं हललं नाही. ते सतत किरकिरं असायचं आणि रात्री भुकेनं उठायचं.

पुण्यातल्या बालॲलर्जीतज्ज्ञ बाईंनी तो रिपोर्ट पाहिला आणि तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं : आयजीजी. शरीर खाल्लेल्या अन्नाची ओळख ठेवतं, त्या ओळखीचं हे प्रतिद्रव्य. ते निरोगी माणसातही सापडतं. म्हणजे बाळ जे नेहमी खात होतं, तेच रिपोर्टात लाल झालं होतं. युरोपच्या ॲलर्जी अकादमीनं २००८ मध्येच सांगितलं की अन्नाच्या ॲलर्जीचं निदान आयजीजीवरून करू नये. पुढे अमेरिका आणि कॅनडाच्या तज्ज्ञ संघटनांनीही तेच सांगितलं. तरी ही पॅकेजं आजही विकली जातात आणि लहान मुलांची ताटं रिकामी होतात, याचा मला अजून संताप येतो.

त्वरित येणाऱ्या ॲलर्जीचं प्रतिद्रव्य वेगळं, त्याचं नाव आयजीई. तेही ‘एकूण आयजीई’ मोजून काही कळत नाही. जंत झाले, धुळीनं सर्दी-दमा असला, तरी तो आकडा वाढतो. मागायची ती दुधापुरती, ‘स्पेसिफिक आयजीई’. या तपासणीत दुधातली प्रथिनं एका आधारावर चिकटवलेली असतात. त्यावर मुलाचा रक्तद्रव सोडतात, जे आयजीई दुधाला धरून बसतं ते तिथेच राहतं आणि तेवढंच मोजलं जातं.

बाईंनी सोबत त्वचेची चाचणीही केली. हातावर अर्काचा थेंब, त्यातून हलकीशी टोच, पंधरा मिनिटं थांबायचं. फुगवटा ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा आला तर चाचणी पॉझिटिव्ह. त्याआधी काही दिवस खाज-सर्दीची ॲलर्जीविरोधी औषधं बंद ठेवावी लागतात, नाहीतर फुगवटा दबतो. रक्ताच्या तपासणीला हे बंधन नाही.

आकडा कसा वाचायचा, हे त्यांच्याकडूनच कळलं. लिटरला ०.३५ किलोयुनिटच्या वर गेलं की बहुतेक रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात; पण एवढ्याशा आकड्याची कितीतरी मुलं दूध पचवतात. परदेशातल्या मुलांवरून काढलेले ठोकताळे असे, की दोन वर्षांच्या आतल्या बाळात ५ च्या वर आणि मोठ्या मुलात १५ च्या वर आकडा असेल तर दूध दिल्यावर त्रास होण्याची शक्यता फार मोठी असते. त्रास किती तीव्र होईल, हे मात्र आकडा सांगत नाही. रिपोर्टात छापलेला ‘क्लास ३’, ‘क्लास ४’ म्हणजे आजाराची पायरी नव्हे. आमच्या बाळाचा आकडा मोठा होता आणि तो त्या खिरीच्या हकिकतीशी जुळला, म्हणून निदान पक्कं झालं. बंद फक्त दूध झालं. भात, गहू, डाळ, केळं त्याच आठवड्यात परत आलं आणि वजन वाढायला लागलं.

आता याच्या उलट गोष्ट. माझ्या जावेची मुलगी केवळ अंगावर पीत होती आणि तिच्या शीला रक्ताचे धागे दिसू लागले. स्पेसिफिक आयजीई निगेटिव्ह आलं, त्वचेची चाचणीही निगेटिव्ह. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पण रक्त थांबेना. दुधाच्या ॲलर्जीचा एक प्रकार आयजीईशिवायचा असतो, त्याला पकडणारी रक्ताची तपासणीच नाही. तिथे आईनं दूध, दही, ताक, पनीर सोडायचं, दोन ते चार आठवडे पाहायचं आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं पुन्हा घेऊन बघायचं. जावेनं तसं केलं. रक्त थांबलं, पुन्हा दूध घेतल्यावर परत दिसलं. तेच तिचं निदान. मात्र अशा आईला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यायला विसरू नये.

शेजारीपाजारी शेळीचं दूध सुचवतात, तेही प्रेमानं. पण शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात. गाईचं न चालणाऱ्या दहांपैकी नऊ मुलांना शेळीचंही चालत नाही. उकळूनही उपयोग नसतो, कारण दुधातल्या प्रथिनांत ८० टक्के केसीन असतं आणि ते उकळीला दाद देत नाही. बदामाचं किंवा तांदळाचं ‘दूध’ तान्ह्याला पुरत नाही. वरचं दूध लागणार असेल तर प्रथिनं फोडलेली पावडर डॉक्टरच लिहून देतात. बिस्किटाच्या पुड्यावर ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’ हे शब्द शोधा. आपल्याकडे पाकिटावर दुधाचा उल्लेख करणं कायद्यानं बंधनकारक आहे.

बहुतेक मुलं यातून मोठेपणी सुटतात. आमच्या मुलाचा आकडा हळूहळू उतरला, तेव्हा रुग्णालयात बसवून त्याला भट्टीत भाजलेला दुधाचा मफिन थोडाथोडा करून दिला. मैद्यात मिसळून चांगलं भाजलेलं दूध पुष्कळ मुलांना झेपतं, त्यालाही झेपलं. साधं दूध अजून वर्ज्य आहे.

तुमच्या मुलावर अशी वेळ आली तर काय खाल्लं, किती खाल्लं, किती मिनिटांनी काय दिसलं हे त्याच दिवशी लिहून ठेवा, चट्ट्यांचे फोटो काढा आणि ते घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. लॅबच्या यादीत ‘आयजीजी’ दिसलं तर पैसे देऊ नका. आणि ज्याला दुधानं लगेच त्रास झाला आहे त्याला ‘आता बघू तरी’ म्हणून घरी चमचाभरही दूध पाजू नका. ती परीक्षा ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी असलेल्या रुग्णालयातच करून घ्या.